भिंतीतल्या कॅट फ्लॅपभोवती दर हिवाळ्यात परतणारी ओल: बाष्परोधक पडद्याचा दोष शोधणे आणि दुरुस्त करणे

लक्षणे

भिंतीत मांजरासाठी झडप, म्हणजे कॅट फ्लॅप, बसवल्यावर पहिले काही महिने सहसा काहीच बिघडत नाही. तक्रारी सुरू होतात त्या कडाक्याच्या थंडीत, आणि पुष्कळदा थंडी ओसरू लागल्यावर. झडपेच्या चौकटीखाली रंगाला पोपडे येतात किंवा पिवळसर-तपकिरी डाग उमटतो. भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी फुगते, चौकटीच्या स्क्रूंच्या डोक्यांना गंज चढतो, झडप पूर्ण बंद असूनही तिच्या कडेने गार झुळूक लागते आणि त्या कोपऱ्यात कुबट वास रेंगाळतो. काही घरांत आतून सारे कोरडे दिसते, पण बाहेरच्या आवरणाखालून तपकिरी पाण्याचे ओघळ उतरलेले असतात. मग चौकटीभोवती सिलिकोनची एक नवी रेघ ओढली जाते, उन्हाळा बरा जातो आणि पुढच्या हिवाळ्यात डाग त्याच जागी परततो.

अशा भिंती उघडल्यावर मला बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळते. झडप चांगली असते, चौकट चांगली असते. मात्र भोक पाडताना कापलेल्या बाष्परोधक पडद्याची, म्हणजे भिंतीतल्या वाफ अडवणाऱ्या पातळ थराची, कड भिंतीच्या आत मोकळी लोंबत असते. ती कड झडपेच्या बोगद्याला, म्हणजे भिंतीच्या जाडीतून आरपार जाणाऱ्या मार्गाला, कोणीही जोडलेली नसते. बाहेरून दिसणाऱ्या फटीत कितीही सीलंट भरले तरी ही जोडणी होत नाही, म्हणूनच दोष दर वर्षी परत येतो.

येथे लिहिलेले थंड हवामानातल्या, लाकडी सांगाड्याच्या आणि इन्सुलेशन भरलेल्या भिंतींना लागू आहे. अशा भिंतीत आतल्या जिप्समबोर्डामागे, इन्सुलेशनच्या उबदार बाजूला, साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा पॉलिथिनचा किंवा तत्सम पडदा असतो. उष्ण आणि दमट हवेत, जिथे घर वातानुकूलनाने थंड ठेवले जाते, तिथे उबदार बाजू बाहेरची असल्यामुळे पडद्याची जागाही उलट असते. इन्सुलेशन नसलेल्या भरीव विटांच्या भिंतीत असा पडदाच नसतो. तिथल्या ओलीचे कारण वेगळे शोधावे.

ओल येते कोठून

२० अंश सेल्सिअस तापमानाची आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेची खोलीतली हवा घेतली, तर तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे ८.६ ग्रॅम पाण्याची वाफ असते आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन जमू लागते तो, ९ अंशांच्या किंचित वर असतो. ० अंशाला त्याच घनमीटरमध्ये जेमतेम ४.८ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे ही हवा भिंतीतून बाहेर झिरपताना बाहेरच्या थंड फळीला टेकली, की प्रत्येक घनमीटरमागे जवळपास ४ ग्रॅम पाणी मागे राहू शकते. तासाला १ घनमीटर हवा झिरपली तर दिवसाकाठी हा आकडा १०० ग्रॅमच्या आसपास जातो. ते सगळेच पाणी भिंतीत मुरते असे नाही, पण महिनोन्महिने चालणाऱ्या गळतीत त्याचा काही भाग मुरणेही लाकडाला पुरेसे ठरते.

२० सेंटीमीटर चौरस भोकाचा घेर ८० सेंटीमीटर होतो. त्या सबंध घेराला केवळ १ मिलिमीटरची फट राहिली, तरी तिचे क्षेत्रफळ ८ चौरस सेंटीमीटर भरते. पडद्याच्या अखंड भागातून वाफ जी मुरते ती अतिशय सावकाश आणि अत्यल्प प्रमाणात मुरते. फटीतून वाहणारी हवा तिच्या कितीतरी पट वाफ वाहून नेते. त्यामुळे पडद्याला पडलेल्या भोकाची चिंता करताना आधी हवेची वाट बंद झाली का, हे पाहावे.

थंडी ओसरताना डाग का दिसतो, याचेही उत्तर यातच आहे. गोठणबिंदूखाली असताना बाहेरच्या फळीच्या आतल्या अंगावर हिम साठत राहते आणि ते कोणालाच दिसत नाही. हवा उबदार झाली की ते एकदम वितळते आणि पाणी खाली उतरून तळाच्या आडव्या लाकडावर जमते.

काही खर्च न करता पाहण्यासारख्या गोष्टी

सर्वांत आधी ओल कधी दिसते याची तारीखवार नोंद ठेवावी आणि शेजारी पाऊस, वारा व बाहेरचे तापमान लिहावे. वाऱ्यासह पाऊस झाल्यावर काही तासांत डाग गडद होत असेल तर पाणी बाहेरून येते आहे, आणि पडद्याच्या मागे लागण्याआधी बाहेरची बाजू तपासावी लागेल. पावसाशी संबंध न राखता थंडीबरोबर किंवा थंडी उतरताना डाग वाढत असेल, तर ते घरातल्याच हवेतले पाणी आहे. या एका नोंदीने पुष्कळ अनावश्यक तोडफोड वाचते, आणि नेमकी तीच ठेवण्याचा सर्वांना कंटाळा येतो.

त्याच काळात साध्या आर्द्रतामापकाने खोलीतली सापेक्ष आर्द्रता पाहावी. हिवाळ्यात ती ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी, आणि बाहेर कडाका असेल तर खालच्या टोकाकडे. घरात कपडे वाळत घातले जात असतील, स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला पंखा बंद असेल आणि आर्द्रता ६० टक्क्यांवर जात असेल, तर हवेचा दवबिंदू १२ अंशांपर्यंत चढतो. अशा हवेत निर्दोष भिंतीच्या थंड कोपऱ्यावरही दव धरते. आधी आर्द्रता खाली आणावी आणि दोन आठवडे वाट पाहावी. डाग वाढायचा थांबला तर दोष कदाचित संपूर्ण घराच्या वायुवीजनाचा आहे. तरीही झडपेजवळच डाग का पडला, हा प्रश्न उरतोच. म्हणून पुढच्या तपासण्या करून ठेवणे बरे.

आता झडप पाहावी. तिचे पान चौकटीला सर्व बाजूंनी टेकते का, कडेचा ब्रश झिजला आहे का, चुंबक धरतो का, हे कागदाचा तुकडा अडकवून कळते. कागद सहज निसटला तर त्या ठिकाणी फट आहे. केवळ पानावर, विशेषतः एकेरी प्लास्टिकच्या पानावर, दव जमत असेल तर तो भिंतीचा दोष नव्हे. ते पाणी पुसले की काम संपते, किंवा दुहेरी पानाची झडप बसवावी लागते.

उदबत्तीची तपासणी

वारा असलेल्या थंड दिवशी झडपेचे पान टेपने पूर्ण बंद करावे, म्हणजे पानाच्या फटींचा गोंधळ राहत नाही. मग पेटलेली उदबत्ती चौकटीच्या बाहेरच्या कडेने, भिंतीपासून बोटभर अंतरावरून, अगदी सावकाश फिरवावी. धूर सरळ वर जात असेल तर त्या जागी हवा वाहत नाही. तो भिंतीपासून दूर ढकलला जात असेल तर थंड हवा आत येत आहे. भिंतीकडे ओढला जात असेल तर घरातली दमट हवा भिंतीत शिरत आहे.

ही दिशा महत्त्वाची आहे. हिवाळ्यात उबदार हवा घरात वर चढते, त्यामुळे खालच्या मजल्यावर जमिनीलगतच्या फटींतून बहुधा थंड हवा आत ओढली जाते आणि वरच्या मजल्यावरून ती बाहेर पडते. झडप खालच्या मजल्यावर असेल तर गार झुळुकीमुळे जिप्समबोर्डाचा पृष्ठभाग थंड होतो आणि दव खोलीच्या बाजूने, डोळ्यांदेखत धरते. हा प्रकार त्रासदायक असला तरी तुलनेने निरुपद्रवी आहे. झडप वरच्या मजल्यावर, वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या भिंतीत किंवा बाहेरून हवा आत ढकलणारे वायुवीजन असलेल्या घरात असेल, तर हवा भिंतीत शिरते, ओल आत लपते आणि बाहेर डाग दिसेपर्यंत लाकडाचे नुकसान झालेले असू शकते. धूर भिंतीकडे ओढला गेला, तर आतून काही दिसत नसले तरी चौकट उघडावी.

दिशा वाऱ्याप्रमाणे बदलते, म्हणून ही तपासणी निदान दोन वेगवेगळ्या दिवशी करावी. अनुमानाला दुजोरा हवा असेल तर डागावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवावा. त्याच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमले तर ते हवेतले दव आहे. भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीच्या आतून येत आहे.

बाहेरची बाजू

बोगद्यात पाणसळ ठेवून उतार पाहावा. उतार बाहेरच्या दिशेने हवा. तो थोडाच असला तरी चालेल, पण आतल्या दिशेने अजिबात नको. मांजराच्या अंगावरून निथळणारे पाणी, वितळलेले बर्फ आणि पानावरचे दव हे सारे बोगद्याच्या तळावर येते, आणि उतार उलटा असेल तर थेट चौकटीच्या सांध्यात जाते. ही चूक सर्रास आढळते, कारण भोक समतल पाडणे सोपे वाटते.

पावसाचा संशय असेल तर पाण्याची नळी घेऊन खालून वर जावे: प्रथम चौकटीच्या खाली, मग बाजूंना, शेवटी वर, आणि प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली ओघळते आणि गळतीची जागा कळत नाही. बाहेरच्या चौकटीची वरची आणि बाजूंची कड बंद असावी, परंतु खालची कड पूर्ण बंद करू नये. आत गेलेले थोडेफार पाणी त्याच वाटेने बाहेर पडते. बाहेरून सर्व बाजूंनी सिलिकोन भरलेली किंवा अॅल्युमिनियमच्या टेपने गुंडाळलेली झडप मला नेहमी संशयास्पद वाटते, कारण थंड बाजूला असा अभेद्य थर दिला की भिंतीला वाळण्याची वाटच उरत नाही.

आतली चौकट उघडणे

येथून पुढे हत्यारे लागतात. भिंतीतून वीजवाहिनी गेली आहे का ते तारशोधकाने पाहावे, त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा, आणि मगच आतल्या चौकटीचे स्क्रू काढावेत. विजेवर चालणाऱ्या, चिप ओळखणाऱ्या झडपेची वायर भिंतीतून नेली असेल तर तिचे भोकही याच तपासणीत पाहून घ्यावे. ते बहुधा मोकळेच असते.

चौकट निघाल्यावर बॅटरीच्या उजेडात कापलेली कड पाहावी. पडदा कुठे आहे, हे आधी नक्की करावे. काही भिंतींत तो जिप्समबोर्डाला लागूनच असतो, काहींत वायरींसाठी सोडलेल्या ४-५ सेंटीमीटर पोकळीच्या मागे असतो. दुसऱ्या प्रकारात चौकट बोर्डाला कितीही घट्ट बसवली तरी ती पडद्याशी जोडली जात नाही, आणि हे बसवणाऱ्याच्या लक्षातही आलेले नसते.

खनिज लोकरीचे इन्सुलेशन असेल तर त्याच्या रंगाकडे पाहावे. हवा त्यातून वर्षभर गाळली गेली असेल तर फटीजवळ राखाडी-काळा पट्टा दिसतो. पुष्कळजण त्याला बुरशी समजतात. ती पुष्कळदा केवळ धूळ असते, पण हवा नेमकी कोणत्या जागेतून वाहत होती याचा तो खात्रीचा नकाशा असतो.

बोगद्याचे सांधेही तपासावेत. भिंतीच्या जाडीप्रमाणे लांबी जुळवता यावी म्हणून एकात एक सरकणाऱ्या दोन भागांचा प्लास्टिकचा बोगदा दिला जातो, आणि त्याचा सांधा बरोबर भिंतीच्या पोटात येतो. झडप बोगद्याच्या बाहेरच्या टोकाला असेल तर सबंध बोगद्यात खोलीची दमट हवा असते आणि ती या सांध्यातून इन्सुलेशनच्या थंड भागात शिरते. अशा वेळी पडद्याची कड उत्तम चिकटवली तरी ओल राहते. धातूचा बोगदा असेल तर आणखी एक अडचण आहे: तो थंडी आत वाहून आणतो आणि त्याच्या आतल्या टोकावर दव धरते. तो बदलून प्लास्टिकचा किंवा प्लायवुडचा बसवावा.

शेवटी लाकूड पाहावे. टोचणीच्या आर्द्रतामापकाने भोकाच्या खालचे आडवे लाकूड आणि बाहेरच्या फळीचे आतले अंग तपासावे. १५ टक्क्यांपर्यंतचे माप सुखरूप समजावे. २० टक्क्यांच्या वर बुरशीचा आणि दीर्घकाळ राहिल्यास कुजण्याचा धोका सुरू होतो. भिंत पुन्हा बंद करण्यापूर्वी माप १८ टक्क्यांच्या खाली यायला हवे. त्यासाठी काही आठवडे भोक उघडे ठेवून, बाहेरून तात्पुरते झाकून, वाट पाहावी लागली तरी ती पाहावी. ओले होऊन दबलेली लोकर वाळवून परत भरू नये.

दुरुस्ती

बोगदा हवाबंद असणे ही पहिली अट आहे. दोन भागांचा सांधा बाहेरून सलग टेपने बंद करावा. प्लायवुडची पेटी केली असेल तर कोपऱ्यांत सीलंट भरावे आणि कापलेल्या कडांना रंगाचा किंवा लाखेचा हात द्यावा, कारण उघडी कड पाणी शोषते.

त्यानंतर पडद्याची नवी कॉलर करावी. भोकाच्या कडेने जिप्समबोर्ड चारी बाजूंना किमान १० सेंटीमीटर कापून काढावा, म्हणजे जुना पडदा स्वच्छ आणि हात पोहोचेल इतका मोकळा होतो. हे कोणालाच करावेसे वाटत नाही, कारण बोर्ड पुन्हा भरणे, लांबी (पुट्टी) लावणे आणि रंगवणे मागे लागते. पण केवळ भोकातून बोटे घालून केलेली जोडणी टिकलेली मी पाहिलेली नाही. जुन्या पडद्याच्याच जातीचा एक चौकोनी तुकडा घ्यावा. मूळ पडदा आर्द्रतेनुसार वाफ कमी-अधिक सोडणारा असेल तर तुकडाही तसाच हवा, त्यावर साधे पॉलिथिन लावू नये. तुकड्याच्या मध्यभागी बोगद्याच्या मापापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर लहान भोक पाडावे, त्याचे कोपरे तिरपे छेदावेत आणि तो बोगद्यावर चढवावा. त्याची आतली कड शर्टाच्या कफासारखी बोगद्यावर उभी राहते. ती कड बोगद्याला आणि बाहेरची कड जुन्या पडद्याला टेपने चिकटवावी. कोपऱ्यांत छेदामुळे त्रिकोणी फटी राहतात. तिथे टेपचे छोटे तुकडे ताणून, एकावर एक चढवून लावावेत. गळती राहिली तर ती जवळजवळ नेहमी याच चार कोपऱ्यांत राहते.

टेपची निवड येथे निर्णायक आहे. सिलिकोन पॉलिथिनला नीट धरत नाही. वाळल्यावर ते सोलपटासारखे निघते. पॅकिंगची तपकिरी टेप आणि कापडी डक्ट टेप यांचा गोंद काही हिवाळ्यांत कोरडा पडतो. बाष्परोधक पडद्यांसाठीच बनवलेली अॅक्रिलिक गोंदाची टेप किंवा ब्युटिलची टेप वापरावी. पृष्ठभागावरची धूळ आधी पुसावी, आणि टेप लावल्यावर ती अंगठ्याने किंवा छोट्या रोलरने जोर देऊन घासावी, कारण हे गोंद दाबानेच धरतात. टेपला मागून टेकू नसेल तर हा दाब पडतच नाही. म्हणून भोकाभोवती सांगाड्यात लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून घ्यावी. जोडणी तिच्यावर येते आणि झडपेचे स्क्रूही त्याच लाकडात जातात.

बोगदा आणि इन्सुलेशन यांच्यातली पोकळी कमी फुगणाऱ्या फोमने किंवा लोकरीने भरावी. जास्त फुगणारा फोम बोगद्याला आत दाबतो आणि पान अडकू लागते. फोमला बाष्परोधक मात्र समजू नये: कापल्यावर त्याची वरची साय निघून जाते आणि लाकूड आकुंचन-प्रसरण पावताना तो कडेने सुटतो.

बोर्ड लावण्याआधी उदबत्ती पुन्हा एकदा फिरवावी. या टप्प्यावर सापडलेली फट टेपच्या एका तुकड्याने बंद होते.

कुठे थांबावे

पेचकसाचे टोक लाकडात सहज रुतत असेल, तर ते लाकूड कुजलेले आहे. ते किती दूरवर कुजले आहे हे झडपेच्या भोकातून कळणार नाही. तिथे थांबून बांधकामाच्या जाणकाराला बोलवावे. भोक पाडताना सांगाड्याचा उभा वासा कापलेला आढळला, तर भार कसा वळवायचा हे ठरवण्याचे काम संरचना अभियंत्याचे आहे. बुरशी साधारण १ चौरस मीटरपेक्षा अधिक भागावर पसरली असेल तर ती घासून काढण्याचा प्रयत्न करू नये. कोरड्या बुरशीला हात लावताच तिचे बीजाणू घरभर उडतात.

जुन्या घरात बोर्ड, लांबी किंवा बाहेरचे आवरण अॅस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता वाटली, तर एक स्क्रूही काढण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. गॅरेज आणि घर यांच्यामधल्या किंवा आग अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतीत झडप बसवलेली असेल, तर प्रश्न ओलीपुरता उरत नाही. अशा भिंतीत भोक ठेवता येते का, हे आधी तिथल्या बांधकाम अधिकाऱ्यांकडून समजून घ्यावे. फोमच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी फळ्या चिकटवलेल्या तयार पॅनेलच्या भिंतींत पडद्याची रचनाच वेगळी असते, आणि तिथे वरची कृती जशीच्या तशी लावू नये.

सर्व जोडणी नीट करूनही पुढच्या हिवाळ्यात लाकडाचे माप २० टक्क्यांवर जात असेल, तर हवा दुसरीकडून येत आहे. अशा वेळी घराची हवाबंदपणाची चाचणी करून घ्यावी. दारात पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कलचा दाबफरक निर्माण केला जातो आणि उष्णताचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याने गळतीच्या वाटा शोधल्या जातात. तंत्रज्ञ येण्याआधी झडपेचे पान टेपने बंद करावे आणि तारखांची नोंद त्याच्या हाती द्यावी. चाचणी चालू असताना त्याला झडपेजवळची तळाची पट्टी, जवळचे विजेचे सॉकेट आणि वरच्या मजल्याची जमीन भिंतीला जिथे मिळते तो सांधा, ही तीन ठिकाणे आवर्जून पाहायला सांगावीत.